ढोलकीचा पाना कोणाच्या हातात?

भजनाला सुरुवात होण्याआधी पखवाजवाला कणीक मळतो. ओलसर गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापतो, एक थाप मारून ऐकतो, थोडी कणीक काढतो, पुन्हा लावतो. आवाज मनाजोगता निघाला की मगच पेटीवाल्याकडे बघून मान हलवतो. हलगीवाला जाळ शोधतो. पाचोळा, कागद, जे हाताशी येईल ते पेटवून कातडं शेकतो आणि मग त्याची हलगी कडाडते. तबलजी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसतो. आपल्याकडची बहुतेक तालवाद्यं अशी रोज नव्यानं तयार होतात. पावसाळ्यात त्यांचा स्वभाव वेगळा, उन्हाळ्यात वेगळा. पण त्यांनी आज कसं वाजावं, याचा शेवटचा निर्णय ज्याच्या मांडीवर किंवा कमरेला ते वाद्य आहे त्याचाच असतो.

आता दुसरं एक वाद्य बघा. ऑर्केस्ट्रात, लावणीच्या कार्यक्रमात, हळदीच्या बेंजो पार्टीत स्टँडवर एक काळी चपटी पेटी दिसते. तिच्यावर रबराचे आठ चौकोन असतात. कलाकार दोन काठ्यांनी त्यावर वाजवतो आणि स्पीकरमधून कधी ढोलकी, कधी संबळ, कधी कोंगो, कधी ड्रम ऐकू येतात. आपण तिला ऑक्टोपॅड म्हणतो. तिला कणीक लागत नाही, जाळ लागत नाही. कुठल्या चौकोनावर किती जोरानं काठी पडली म्हणजे कोणता आवाज काढायचा आणि तो किती वेळ घुमू द्यायचा, याची आज्ञावली कारखान्यातच तिच्या पोटात घातलेली असते. या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. कंपनीला वाटलं की ती या आज्ञावलीची नवी आवृत्ती काढते. वादकानं ती यंत्रात भरली की वाद्य तेच राहतं, पण त्याचं वागणं बदलतं. कधी ते सुधारतं, कधी बिघडतं आणि कधी नुसतंच वेगळं होतं.

अशी नवी आवृत्ती आली की जगभरचे वादक दोन तट पाडून भांडतात. एक म्हणतो, अखेर आमचं ऐकलं. दुसरा म्हणतो, कोणी सांगितलं होतं हात लावायला? हे भांडण यंत्रयुगातलं वाटतं, पण ते त्याहून जुनं आहे. वाद्यात सुधारणा कोणी करायची, बनवणाऱ्यानं, शास्त्र जाणणाऱ्यानं, सरकारनं की वाजवणाऱ्यानं, हा प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि त्यातला बराच भाग आपल्याच मुलखात घडला.

मी राहतो ते माण गाव मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या शेजारी. आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्या गावाच्या हद्दीपर्यंत आला आणि जिथं भात डोलायचा तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. या भागात काम करणारी तरुण मुलं वेगवेगळ्या यंत्रांच्या आज्ञावल्या लिहितात. गणपती जवळ आले की त्यांतलीच कित्येक मुलं-मुली ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जातात आणि बोटांना फोड येईपर्यंत वाजवतात. आज्ञावली लिहिणारा आणि ढोल वाजवणारा असा एकाच माणसात नांदू शकतो. म्हणून हा विषय मला कुठल्या दूरदेशीचा वाटत नाही.

सांगलीचा हिशेब, लंडनची पेटी

या गोष्टीची सुरुवात तालवाद्यापासून नाही, हार्मोनियमपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात ही पेटी युरोपातून आली आणि मराठी संगीत नाटकानं तिला घरात घेतलं. पुढं गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनी तिला प्रतिष्ठाही मिळाली. पण शास्त्र जाणणाऱ्यांची तक्रार होती. पेटीला सप्तकात बारा पट्ट्या, त्यांचे स्वर पक्के ठोकलेले. आपल्या गाण्यातल्या बावीस श्रुतींचं काय करायचं?

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हा प्रश्न हाती घेतला. डेप्युटी कलेक्टरची नोकरी केलेल्या या गृहस्थांनी तारांची लांबी मोजून, गवयांचे स्वर तपासून श्रुतींचं गणित मांडलं आणि १९१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचं साहाय्य झालं. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएस अधिकारी न्यायाधीश म्हणून याच भागात काम करत होते. त्यांना या गणितानं भुरळ घातली आणि लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याकडून त्यांनी खास श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. आजच्या भाषेत बोलायचं तर ती हार्मोनियमची सुधारित आवृत्ती होती.

मार्च १९१६मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंडे तिचे सूत्रधार होते. तिथं ही पेटी वाजवून दाखवण्यात आली आणि जमलेल्या गवयांनी तिचे स्वर मानले नाहीत. त्यांचा नकार हा नुसता अडाण्यांचा हट्ट नव्हता. एकाच नावाचा कोमल गंधार एका रागात एका जागी लागतो, दुसऱ्या रागात केसभर सरकतो आणि त्याच रागात वर जाताना आणि खाली येताना त्याची जागा बदलते. गळा ती जागा त्या त्या क्षणी शोधतो. पेटीच्या पट्टीखाली बारा स्वर बसवा नाही तर बावीस, ठोकलेला स्वर ठोकलेलाच राहणार. देवलांचं गणित काटेकोर होतं आणि तळमळ खरी होती. पण ज्यांनी ते वाद्य घेऊन मैफलीत बसायचं, त्यांच्या सवयीशी आणि गरजेशी त्याचं जमलं नाही.

पुढचा घाव पेटीला आकाशवाणीनंच घातला. १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. वाद्य परदेशी, त्याचे स्वर आपल्या संगीताला मारक, असं तेव्हाच्या अनेक जाणत्यांचं मत होतं. १९७१ साली ही बंदी अंशतः उठली. मधली तीस वर्षं मराठी रंगभूमीवर, कीर्तनात, तमाशात, कव्वालीत आणि घराघरांतल्या शिकवण्यांत पेटी वाजतच राहिली. बंदी घालणारे वेगळे होते आणि तिच्यावर पोट असणारे वेगळे. पुढं ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी चालू शतकात बावीस श्रुतींची नवी हार्मोनियम तयार केली, तिच्यात खुंट्या ओढून श्रुती निवडण्याची सोय ठेवली. देवलांच्या प्रश्नाला शंभर वर्षांनी दिलेलं ते उत्तर होतं. कोणती श्रुती लावायची ती निवड इथं वादकाच्या बोटाकडे आली, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

ठेका धरणारं यंत्र

आता तालाकडे येऊ. ताल धरणारं विजेचं यंत्र बनवायचा प्रयत्न १९३०च्या सुमारास अमेरिकेत हेन्री कॉवेल या संगीतकारानं लिऑन थेरेमिन या रशियन संशोधकाकडून करून घेतला. बाजारात चाललेलं पहिलं यंत्र मात्र १९५९चं, वुर्लिट्झर कंपनीचं 'साइडमन'. त्याच्या पोटात एक तबकडी फिरायची आणि ठरलेले ठेके वाजायचे.

टोकियोत तादाशी ओसानाई नावाचे अकॉर्डियनवादक हे यंत्र सोबतीला घेऊन एका नाइट क्लबमध्ये वाजवत असत. त्याचा ठेका त्यांना पसंत नव्हता. याहून चांगलं यंत्र मी बनवून दाखवतो, असं त्यांनी क्लबचे मालक त्सुतोमू काटो यांना सांगितलं. काटोंनी पैसे घातले आणि १९६३ साली 'डोंका-मॅटिक' नावाचं यंत्र तयार झालं. याच धंद्यातून पुढं कॉर्ग ही जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली. एका वादकाच्या नापसंतीतून एक कंपनी जन्मली, असं म्हटलं तरी चालेल.

१९८० साल हे या इतिहासातलं वळण. त्या वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांनी 'एलएम-१' हे यंत्र आणलं. त्यात पहिल्यांदाच माणसानं वाजवलेल्या खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेले होते. आवाज मुख्यतः आर्ट वुड या लॉस एंजेलिसच्या ड्रमरचे. लिन स्वतः गिटार वाजवणारे असल्यामुळे त्यांना ठाऊक होतं, की काटेकोर समान मात्रांचा ठेका मेलेला वाटतो. म्हणून दोन आघातांमधला दुसरा आघात किंचित उशिरा टाकण्याची सोय त्यांनी यंत्रात ठेवली. आपला तबलजी ठेका थोडा झुलवतो ना, तशीच काहीशी ही सोय. यंत्राला झोल शिकवण्याचा तो प्रयत्न होता.

त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीचं 'टीआर-८०८' आलं. त्यात खरे आवाज नव्हते, विजेच्या मंडलांतून घडवलेले कृत्रिम आवाज होते. समीक्षकांनी नाकं मुरडली आणि साधारण १२ हजार यंत्रं बनवून १९८३मध्ये ते बंद झालं. ते बंद का झालं, याचं कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सांगितलेलं कारण गमतीदार आहे. यंत्रातला एक चरचरीत आवाज सदोष ट्रान्झिस्टरमुळे निघायचा. कंपनी मुद्दाम असे सदोष ट्रान्झिस्टर विकत घ्यायची. पुढं कारखान्यांची पद्धत सुधारली, सदोष ट्रान्झिस्टर निघेनासे झाले आणि वाद्य संपलं. एकीकडची सुधारणा दुसरीकडे वाद्याचा जीव घेऊ शकते, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. बंद झालेली ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली, गरीब वस्त्यांतल्या तरुणांनी ती उचलली आणि त्यांतून हिप-हॉप आणि टेक्नोचा ठेका घडला.

वादकांच्या संघटनांची प्रतिक्रिया वेगळी होती. मे १९८२मध्ये ब्रिटनमधल्या म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेनं सिंथेसायझर आणि तालयंत्रांना बंदी घालण्याचा ठराव केला. एका मोठ्या गायकाच्या दौऱ्यात वाद्यवृंदाऐवजी सिंथेसायझर आले, हे त्याचं निमित्त. बंदी काही टिकली नाही. पण त्या ठरावाला हसण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की व्हायोलिन काखेत मारून रोज कामाला जाणाऱ्या माणसाला आपल्या घरची चूल दिसत होती.

आज्ञावलीच्या चुकीनं काय होतं, तेही लिन यांच्याच वाट्याला आलं. १९८४मध्ये त्यांनी 'लिन ९०००' हे महत्त्वाकांक्षी यंत्र काढलं. कल्पना पुढच्या काळाची, पण पोटातली आज्ञावली कच्ची. यंत्र ऐन कामात अडायचं. वादकांचा विश्वास उडाला आणि १९८६ साली कंपनीला टाळं लागलं. ढोलकीचं पान फाटलं तर दुसरी ढोलकी हातात घेता येते. यंत्र मनातल्या मनात अडकलं तर वादक नुसता बघत राहतो. लोक समोर बसलेले असतात.

मुंबईचा चरणजित सिंग

याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? चित्रपटसंगीतानं विजेच्या वाद्यांची भीती कधीच बाळगली नाही. १९५४च्या 'नागिन'मधली घराघरांत पोचलेली पुंगी ही पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी वाजवलेलं क्लेव्हियोलिन हे विजेचं वाद्य आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम, असा तो मेळ होता. पुढं केरसी लॉर्ड या पारशी वादकानं मूग सिंथेसायझरसारखी वाद्यं मुंबईच्या स्टुडिओंत आणली. ते स्वतः तालवादकांच्या घराण्यातले, वडील कावस लॉर्ड बोलपटाच्या आरंभकाळापासूनचे नामांकित तालवादक. म्हणजे यंत्र आणणारा हा माणूस तालाला परका नव्हता.

१९८२ साली चरणजित सिंग या स्टुडिओवादकानं एक वेगळाच उद्योग केला. टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन वाद्यं एकमेकांना जोडून त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीनं त्याची तबकडी काढली. ती फारशी खपली नाही आणि लोक विसरून गेले. २०१०मध्ये हॉलंडमधून ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले. शिकागोमध्ये १९८७च्या सुमारास जो 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार गाजला, तशा नादाचं काम या मुंबईकरानं पाच वर्षं आधी करून ठेवलं होतं. उतारवयात त्यांना परदेशी मंचांवरून बोलावणी आली. २०१५मध्ये ते वारले. यंत्र जपानचं, विचार रागाचा आणि हात मुंबईचा. कंपनीनं ते वाद्य कोणत्या कामासाठी बनवलं होतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

पण त्याच यंत्रांची दुसरी बाजूही मुंबईनं पाहिली. पूर्वी एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला पन्नास-शंभर वादक एकत्र बसायचे. व्हायोलिनवाले गोव्याचे, ढोलकवाले-तबलेवाले उत्तरेचे, ढोलकी आणि लोकवाद्यं मराठी मुलखाची. एकानं चूक केली तर सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. नव्वदच्या दशकात सिंथेसायझर, संगणक आणि प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करण्याची सोय आल्यावर हे मोठे ताफे हळूहळू संपले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८मध्ये इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ही सगळी हकिगत आली आहे. ज्यांचं वाजवणं आपण पिढ्यान्पिढ्या गुणगुणतो त्यांतल्या बहुतेकांची नावं तबकडीवर कधी छापली गेली नव्हती.

जुनं ते सोनं, यंत्रातही

आता पुन्हा ऑक्टोपॅडकडे. रोलँडनं पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली काढला तेव्हा त्याच्यात स्वतःचा आवाजच नव्हता, तो दुसऱ्या यंत्राला वाजवायचा. पुढच्या आवृत्त्यांत आवाज आले. १९९८मध्ये 'एसपीडी-२०' आला आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत, जागरणांत, वरातींत तो जणू इथलाच होऊन गेला. २०१०मध्ये कंपनीनं त्याहून सरस 'एसपीडी-३०' आणला. कागदावर सगळं वरचढ होतं. तरीही आपल्याकडच्या कितीतरी वादकांनी जुना एसपीडी-२० सोडला नाही. दुरुस्त करून, रबर बदलून वापरत राहिले. अखेर २०२३मध्ये कंपनीनं 'एसपीडी-२० प्रो' काढला आणि त्यात जुन्या एसपीडी-२०चे आवाज परत दिले. वादकांच्या हट्टापुढं कारखाना वाकल्याचं हे उदाहरण आहे आणि त्या हट्टात आपल्याकडच्या वादकांचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

हा हट्ट कशाचा? नव्या यंत्राचा आवाज वाईट होता म्हणून नव्हे. पॅड वाजवणारा रात्रीच्या रात्री बसून आठ चौकोनांवर आपल्याला हवे ते आवाज मांडतो. ढोलकीचा 'ता' वरच्या कोपऱ्यात, घुमारा खाली डाव्या हाताला, टाळ मधोमध. या मांडणीला ते 'पॅच' म्हणतात. काही वर्षांनी ती मांडणी डोक्यात राहत नाही, मनगटात उतरते. नवी आवृत्ती आली की मनगटाचं हे शिक्षण वाया जातं. कंपनी म्हणते आवाज वाढले. वादक म्हणतो माझा हात चुकायला लागला. दोघंही खरं बोलत असतात.

काही वादक तर कंपनीच्याही पुढं गेले. आकाई कंपनीचं 'एमपीसी-१०००' हे यंत्र २००३मध्ये आलं. त्याची मूळ आज्ञावली अनेकांना अपुरी वाटली, तेव्हा जपानमधल्या एका माणसानं स्वतःची पर्यायी आज्ञावली लिहिली. कितीतरी वादकांनी पदरचे पैसे मोजून ती घेतली आणि कंपनीची काढून टाकली. भिजवलेल्या कणकेची ही नवी तऱ्हा म्हणायला हरकत नाही.

सुधारणेला वादकाचा विरोध असतो, हा समज मात्र चुकीचा आहे. आपली ढोलकीच बघा. पूर्वी ती दोरीनं आवळलेली असायची. मग नटबोल्टची ढोलकी आली. पान्यानं बोल्ट फिरवला की स्वर चढतो, उतरतो. ढोलकीवाल्यांनी तो बदल आनंदानं स्वीकारला आणि आज पाना हा त्यांच्या पिशवीतला जिन्नस आहे. पुण्याच्या पथकांतल्या ढोलांना कातड्याऐवजी फायबरची पानं लागली, कारण भाद्रपदातल्या पावसात कातडं भिजून आवाज बसतो. जुन्या जाणत्यांना कातड्याचा खर्ज आठवतो, ते हळहळतात. तरीही बदल रुजला, कारण त्याचं कारण वाजवणाऱ्याला कळलं होतं आणि पाना त्याच्याच हातात राहिला होता. भांडण सुधारणेशी नाही. पाना दुसऱ्याच्या हातात जातो, तिथं ते सुरू होतं.

आवाज आत, माणूस बाहेर

एक गोष्ट मात्र पान्यानं सुटत नाही. आपल्याकडं वाद्याला जात चिकटलेली आहे. हलगी म्हटली की मातंग समाज, संबळ म्हटलं की गोंधळी. मोहरमच्या मिरवणुकीत ताशा कडकडतो आणि गणपतीच्याही, पण ताशेवाल्यांच्या कितीतरी घरांत दोन्ही सण एकाच ताशावर साजरे झाले आहेत. या लोकांनी ठेका वहीत लिहून ठेवला नाही. बापानं मुलाच्या पाठीवर बोटं वाजवून तो दिला.

आता या वाद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित होऊन यंत्रात जातात. लावणीचे, गोंधळाचे, हलगीचे पॅच बाजारात विकत मिळतात. याची एक बाजू चांगली आहे. ज्या सभागृहात हलगीवाल्याला दाराबाहेर उभं राहून वाजवावं लागायचं, तिथं हलगीचा आवाज मंचाच्या मध्यभागी पोचला. कोणत्याही घरातला मुलगा तो वाजवू शकतो. तालाची जात गळून पडली तर मला आनंदच आहे. पण जरा थांबून बघितलं तर आवाज तेवढा आत आला, माणूस बाहेरच राहिला. ज्याचा हात त्या यंत्रात वाजतो आहे त्याचं नाव त्या पॅचवर नसतं. मुद्रणाच्या दिवशी त्याला काही मिळालं असलं तर मिळालं. त्यानंतर तो आवाज हजार लग्नांत वाजतो, तो मात्र एकाही लग्नात नसतो. आर्ट वुडचं नाव निदान अभ्यासकांना ठाऊक आहे. आपल्या हलगीवाल्याचं कोणाला?

दुसरं नुकसान शिकण्याचं. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९पासून विजेवरचा तंबोरा आणि पुढं 'तालमाला' हे ठेका देणारं यंत्र घरोघरी पोचवलं. ते स्वतः बासरी वाजवणारे आणि विमानाच्या कारखान्यात अभियंते. विद्यार्थ्यांवर त्यांचे उपकार मोठे आहेत. रोज दोन तास तबलजी कोणाला परवडणार? नंतर तेच काम मोबाइलवरची ॲप करू लागली. पण पूर्वी असा दोन तास ठेका धरून बसणारा तबलजी हा बहुतेकदा शिकाऊ मुलगा असायचा. गाणाऱ्याच्या समोर बसून तो श्वास कुठं तुटतो, सम कशी धरायची, कुठं थांबून वाट बघायची, हे शिकायचा आणि चहापाण्यापुरते पैसेही मिळवायचा. यंत्र ठेका देतं, वाट बघत नाही.

मी कविता लिहितो, गझलही लिहितो. गझलेच्या वृत्तात लघु-गुरू मोजावेच लागतात, एक मात्रा इकडची तिकडे झाली की ओळ लंगडते. त्यामुळे मोजण्याला मी कमी लेखणार नाही. पण वृत्त बिनचूक असूनही मेलेल्या ओळी मी खूप वाचल्या आहेत. मात्रा मोजून झाल्यावर त्या मात्रांमध्ये श्वास कसा सोडायचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं लागतं. रॉजर लिन यांनी ठेक्यातला दुसरा आघात उशिरा टाकला, तो याच श्वासासाठी. शाहीर अमर शेखांच्या हातातला डफ हजारोंच्या सभेत वाजायचा. ते समोरच्या गर्दीकडे बघून लय वाढवायचे. गर्दी बघण्याचं काम अजून कोणत्या आज्ञावलीला जमलेलं नाही. उद्या जमेलही, पण ते जमवताना तरी कोणी शाहिराला, ढोलकीवाल्याला शेजारी बसवून विचारायला हवं.

म्हणून माझं मागणं लहान आहे. हिंजवडी-माणच्या काचेच्या इमारतींत बसून यंत्रांच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मुलांपैकी कोणी उद्या मराठी तालवाद्यांचं यंत्र बनवायला घेतलं, तर त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. ज्याचा हात त्यात मुद्रित केला त्याचं नाव यंत्राच्या पडद्यावर यावं, तो आवाज वाजेल तेवढ्या वेळा. यंत्राच्या विक्रीत त्याचा वाटा असावा. आणि नवी आवृत्ती काढली तरी जुनी परत घेण्याची वाट वादकाला मोकळी ठेवावी. यातली एकही गोष्ट तंत्राला अवघड नाही. पहिल्या गोष्टीला स्मरणशक्ती लागते, दुसरीला नियत आणि तिसरीला वाजवणाऱ्याच्या मनगटाविषयी थोडा आदर.